अलमारीपुढचा कापूस

होळी जवळ आली की आमच्या गावात दोन आवाज सोबतच सुरू होतात. शेतात पऱ्हाटी, म्हणजे वाळलेली कपाशी, उपटल्याचा आणि घराघरांत पोरं मोठ्यानं वाचून राहिल्याचा. पऱ्हाटी मुळातून निघते तेव्हा कट्ट होते, वाळली बोंडं एकमेकांवर खडखडतात. तिकडे कोणी इंग्रजीची कविता घोकत असतं, कोणी पाढे. गावातल्या बाकी लोकांना या आवाजाचं काही नाही. माझ्या मात्र हातातली भाकर हातातच राहते.

या दिवसांत फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा, शेवटचा वेचा येतो. आखूड धाग्याचा, पालापाचोळा चिकटलेला, पिवळट कापूस. त्याला आम्ही कवडी म्हणतो. बाया तोही वेचतात, कारण झाडावर सोडणं जिवावर येतं. ओच्यात धरलेला तो कापूस पाहिला की मला आमची मधली खोली आठवते, आणि खोलीतली अलमारी.

अलमारी म्हणजे भिंतीतलंच कपाट. माझ्या बापानं घर बांधताना ठेवलेलं, सागाच्या दोन दारांचं, लोखंडी कडीचं. तिच्यात आधी बियाण्याच्या पिशव्या असत. नंदा सून होऊन आली, घाटंजीकडची, दहावी पास, तेव्हापासून वरचा खण तिचा झाला. मी तिसरी शिकलो. घरात पुस्तकाला खण लागतो हे मला तिच्यामुळंच कळलं.

नंदा अंगणवाडी सेविका. तेव्हा अंगणवाडीला इमारत नव्हती. सरकारी भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. म्हणून ती आमच्याच ओसरीत भरायची. सकाळी दहाला पंचवीस-तीस पोट्टे येऊन बसत. खिचडीचा वास, पाटीवरच्या पेन्सिलीचा कर्रकर्र आवाज, एक रडलं की दुसरं रडणार. ओसरीच्या आडव्या लाकडाला दोन काटे टांगलेले असत. एक माझा, कापसाचा. एक तिचा, लेकरांचा, खाली कापडाची झोळी लावलेला. मी गमतीनं म्हणायचो,

"नंदा, तुह्या काट्यात एक डाव कापूस टाकून पाहू का? खरा हाय का खोटा, समजन."

ती म्हणायची, "मामाजी, माह्या काट्यावर कोणाचा अंगठा नसते."

मी हसायचो. बाजारात आम्हा शेतकऱ्यांचा कापूस कसा तोलला जातो हे तिला माहीत होतं.

तिला मुख्यसेविका व्हायचं होतं. मुख्यसेविका म्हणजे पंचवीस गावांच्या अंगणवाड्या पाहणारी बाई. सेविकेतूनच तिथं जाता येत होतं, पण पदवी पाहिजे होती, आणि वयाची अट होती. नंदानं दोन लेकरं सांभाळून घरूनच बारावी दिली. मग मुक्त विद्यापीठात नाव टाकलं, दर महिन्याला एका रविवारी दारव्ह्याला केंद्रावर जायची. माझा पोरगा, तिचा नवरा विनोद दारव्ह्याच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा, तोच नेऊन सोडायचा. असं करत ती शेवटल्या वर्षाला आली. ते वर्ष हातचं गेलं तर पुढं वय निघून जाणार, हे तिनं घरात सगळ्यांना सांगितलं होतं. मलाही. मी ऐकलं होतं. ऐकलेलं धरून ठेवलं नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं होतं, "कायले पाह्यजे तुले हे? घरी काय कमी हाय?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एका गावात मले जे दिसते, ते पंचवीस गावात दिसन." मग एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "अन् मले बी खुर्चीवर बसा वाटते, मामाजी. ते बाई येते, खुर्चीवर बसते, मी उभी राहून रजिस्टर दाखवतो. खुर्ची आपल्याच घरची राह्यते."

मला तिचं बोलणं आवडलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. सुनेला असं सांगायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि न शिकवलेलं करायची मला सवय नव्हती.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. नवीन बियाणं यायचं, नवीन अळी त्याच्या मागून यायची. फवारून फवारून हाताचा वास जेवतानाही जात नसे. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं तर आत काळं पाणी. जो कापूस हाती लागायचा त्याला बाजारात कोणी धड हात लावत नसे. गावात मयती होत. कशानं गेला हे कोणी विचारत नसे. बाया गळ्यात गळा घालत, माणसं खाली पाहत, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून आले की बोलणं पुन्हा भावावर येई.

त्या साली संक्रांतीनंतर चावडीवर बसलो होतो. सुदामा माझ्या बरोबरीचा, लहानपणापासून मला खिजवत आलेला. तो म्हणाला, "काय महादेवराव, देऊन टाका आता. बाकीच्यायनं देल्ला."

मी म्हणालो, "मी म्हणीन तो भाव येईपर्यंत माह्या घरातून बोंड बी हलणार नाही."

"अन् नाही आला तं?"

"तं कापूस घरात राहीन. माह्यं घर हाय."

चार माणसं हसली. त्या हसण्यासाठीच मी बोललो होतो, आणि ते हसणंच मग माझ्या मानेवर बसलं.

आमच्या घरची एक रीत होती. खोलीत कापूस भरला की वर एक नारळ आणि कुंकू ठेवायचं, दाराला फळ्या लावायच्या. मग गाडी दारात उभी राहिल्याशिवाय ढीग फोडायचा नाही. मधूनच ढीग उकरला तर बरकत जाते, असं माझी माय म्हणायची. कापूस मात्र दाबून भरावा लागतो. हातानं दबत नाही तो. पायाखाली घ्यावा लागतो.

त्या दिवशी नंदा महिन्याच्या मीटिंगला दारव्ह्याला गेलती. ओसरीत पोट्टे होते, मदतनीस बाई चुलीपाशी खिचडी ढवळत होती. मी आणि दोन मजूर गाठोडी आणून मधल्या खोलीत रिकामी करत होतो. ढीग फुगत होता, दबत नव्हता. मी ओसरीत येऊन म्हणालो, "चला रे पोट्टेहो, कापसावर नाचता का?"

लेकरं अशी धावली की विचारू नका. पंचवीस पोरं खोलीत. कोणी खिडकीच्या दगडावरून उडी मारतं, कोणी कापसात मानेपर्यंत बुडतं आणि हसत वर येतं. नाकातोंडात धागे, केसांत सरकी. कापूस पोरांच्या पायाखाली हळूहळू बसत गेला, आणि आम्ही वरून आणखी टाकत गेलो. खोलीत उबट, तेलकट वास भरला. अलमारीच्या कडेनं ढीग चढला, दारावर चढला, वरच्या खणाच्याही वर गेला. मला त्या दिवशी वाटलं, या वर्षात एवढं हसू गावात पहिल्यांदाच ऐकतो आहे. ते खरंच होतं. म्हणून ते आठवलं की आणखी वाईट वाटतं.

संध्याकाळी नंदा जीपमधून उतरली. तिला दारात पायल भेटली, चार वर्षांची, सुदामाच्या शेजारच्या घरातली. तिच्या वेणीत कापूस होता. "बाई, आजोबानं आमाले उड्या मारायले लावल्या. लय मज्जा आली," ती म्हणाली. नंदा हसली. मग आत आली, फळ्या लावलेलं दार पाहिलं आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

"मामाजी, अलमारीत माह्या वह्या हायेत."

सहा वह्या. स्वाध्यायाच्या. वर्षभर लिहून तिनं त्या संक्रांतीच्या आत पुऱ्या केल्या होत्या, खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, पोरांचा हात लागू नये म्हणून वरच्या खणात ठेवल्या होत्या. होळीच्या आधी एका तारखेला केंद्रावर द्यायच्या होत्या. त्या दिल्याशिवाय परीक्षेला बसू देत नव्हते.

"तारखेले महिना हाय ना?" मी म्हणालो. "त्याच्या आधी कापूस निघते. मी सांगतो ना तुले."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

तिनं माझ्यावर भरवसा ठेवला. आजवर मी दिलेला शब्द मोडलेला तिनं पाहिला नव्हता. पण मी दोन शब्द दिले होते, एक चावडीवर, एक घरात. दोन्ही एकमेकांच्या आड येतील हे मला त्या दिवशी सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो.

भाव चढला नाही. खाली गेला, मग आणखी खाली. रोज सकाळी विनोद दारव्ह्याहून खबर आणायचा आणि जीपच्या चाकाला लाथ मारायचा. घरात कापसामुळं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. लहान लेकरांच्या मानेवर पुरळ आलं. नंदा त्यांना हळदीचं तेल लावायची. चावडीवर सुदामा रोज विचारायचा, "कापसाची तब्येत कशी हाय?" मी म्हणायचो, "झोपला हाय." लोक हसत. मी पण हसायचो.

त्याच महिन्यात पायलचा बाप गेला. पुढं काही सांगत नाही. त्याची बायको शेतातून आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पायल आठ दिवस अंगणवाडीत आली नाही. नवव्या दिवशी नंदानं तिला घरून उचलून आणलं, झोळीत बसवलं, काट्याकडे पाहिलं. मग पुन्हा काढून पुन्हा बसवलं. पोरगी झोळीत गप्प बसली होती, एरवी पाय हलवायची.

"किती उतरली?" मी विचारलं.

"तुमच्या कापसाच्या भावाइतकी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी अंगणवाडी सुटली की पायलच्या घरी जायची. तिच्या मायच्या डोक्यात तेव्हा लेकरू नव्हतंच. नंदा तिथं बसून पायलला भरवायची, शेंगदाणे कुटून गुळात घालून न्यायची. तिला वेळ मिळायचा तो तेवढाच, दुपारचा.

तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहिली. विनोद मागं दाराशी.

"मामाजी, एका बाजूनं थोडा कापूस काढू द्या. अलमारीची एकच बाजू. मी हातानं काढतो अन् परत भरतो."

विनोद म्हणाला, "बाबा, एक घंट्याचं काम हाय."

मी म्हणालो, "ढीग फोडत नाई आपल्या घरात. गाडी लागल्याबिगर नाही."

"मग गाडी लावा," नंदा म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "लोकायनं देल्ला तसा तुमी बी द्या. भाव येत नाही आता, मामाजी. तुमाले बी माहीत हाय."

ते मला माहीत होतं. म्हणूनच राग आला. मला माहीत असलेलं सुनेनं तोंडावर सांगावं हे सहन झालं नाही. मी म्हणालो,

"हे खोली माही हाय. अन् ओसरी बी माहीच हाय, नंदा. ध्यानात ठेव."

ओसरीत अंगणवाडी होती. ओसरी गेली तर पोट्टे कुठं बसतील? गावात दुसरी जागा नव्हती. ती एवढंच म्हणाली, "व्हय." आणि आत गेली. विनोदनं माझ्याकडे पाहिलं, आणि जीपकडे गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आता आयुष्यात बोललेल्या शब्दांतून मला एकच परत घ्यायचा असला तर तो हाच. माणसं म्हणतात रागात निघून गेलं. माझं रागात निघालं नव्हतं. मला नेम साधून मारता येतं, आणि मी नेम साधला होता.

मग ती पुन्हा लिहायला बसली. जुन्या रजिस्टरांच्या मागच्या कोऱ्या पानांवर, आठवेल तसं. सकाळी पोट्टे यायच्या आधी एक तास, आणि पायलकडून परत आल्यावर दिवा लागेपर्यंत. मी खाटेवर पडून तिचा पेन चाललेला ऐकायचो. खिडकीतून कापसाचे धागे उडून तिच्या कागदावर बसत, ती फुंकर मारून उडवायची. एका संध्याकाळी मी म्हणालो, "पायलकडं आज नको जाऊ. तिची मावशी आलेली हाय." ती म्हणाली, "मावशी पोरगीले वजनात नाई पाहात." आणि गेली.

सहापैकी चार झाल्या. दोन राहिल्या. तारखेला ती चारच घेऊन दारव्ह्याला गेली. केंद्रावरच्या माणसानं चार घेतल्या नाहीत. म्हणाला, पुढच्या साली या ताई.

त्या संध्याकाळी ती परत आली, हातपाय धुतले आणि भाकरी टाकायला बसली. भाकर थापल्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मुद्दाम ऐकत होतो, बदलतो का म्हणून. नाही बदलला.

होळी झाली. पाडवा झाला. ऊन तापायला लागलं तसा कापूस वरून पिवळा पडत गेला. चैत्र संपत आला तेव्हा मी गाडी लावली. भाव मी म्हणालो त्याच्या जवळपासही नव्हता, आणि भरताना सुदामा ओट्यावर येऊन उभा राहिला, पण काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचीच लाज वाटली. नारळ फोडला. आतून वास येत होता.

शेवटचा कापूस काढल्यावर अलमारी दिसली. कडी लावलेली होती.

इथं मी एक खोटं बोलत आलो आहे. मला सुचलं नव्हतं, मी पाहिलं नव्हतं, पोरांच्या धांदलीत राहून गेलं, असं मी विनोदला सांगितलं, सुदामाला सांगितलं, जावयाला सांगितलं. पण कडी मी लावली होती. त्या दिवशी पोरं उड्या मारत होती तेव्हा अलमारीचं एक दार उघडं होतं. आत खाकी कव्हरं दिसत होती, वर तिच्या अक्षरात नाव. कापूस आत जाऊन वह्या खराब होतील म्हणून मी दार लोटलं, कडी घातली, आणि वरून कापूस येऊ दिला. मनात म्हटलं, कागदच तर आहेत, कुठं पळतात.

कडी काढली. वह्या गरम होत्या, जशी अंड्यांवर बसलेली कोंबडी उठल्यावर अंडी लागतात तशा. एका पानाला डाग नव्हता, वाळवी नव्हती. कापसानं त्या नीट सांभाळल्या होत्या. मी त्या दोन्ही हातांत घेऊन ओसरीत गेलो आणि नंदापुढं धरल्या.

"पुढल्या साली देशीन की," मी म्हणालो.

तिनं वह्या घेतल्या, पदरानं पुसल्या, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. "पुढल्या साली माह्यं वय निघून जाते, मामाजी. सांगतलं होतं."

तेवढंच. मग म्हणाली, "पायलचं वजन चढलं आज."

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की पायल सासरी आहे, तिलाच एक लेकरू आहे. अंगणवाडीला देवळामागं स्वतःची खोली झाली, निळ्या रंगाची, भिंतीवर फळांची चित्रं. मी रोज सकाळी तिथवर चालत जातो आणि पायरीवर बसतो. मुख्यसेविका स्कूटीवर येते, नंदाच्या लेकीच्या वयाची. चांगली पोरगी आहे, नंदाला ताई म्हणते, लेकरू न रडता काट्यात कसं बसवायचं हे तिला विचारते. विचारते खुर्चीवर बसून. नंदा उभी राहून सांगते, रजिस्टरचं पान उलटून देते. ती पदवी पुढं तिनं घेतलीच नाही. कशाला घेईल? नंदाच्या नोकरीची आता थोडीच वर्षं उरली. गुडघे दुखतात, खाली बसून उठताना भिंत धरते.

मी आठ-दहा वर्षांआधी त्या वह्या वाचायला काढल्या. अक्षर अक्षर लावून वाचतो, एका दिवशी अर्धं पान होतं. बरंचसं कळत नाही. तिसऱ्या वहीत एक प्रश्न होता, आपल्या परिसरातल्या वस्तूंपासून बालकांसाठी खेळणी तयार करा, असा काही. त्याखाली तिनं चित्रं काढली होती. सरकी मोजायला. बोंडाच्या वाळल्या टरफलांची फुलं. पऱ्हाटीच्या काडीला डबी बांधून केलेला खुळखुळा. आणि खाली लिहिलं होतं: "हा खुळखुळा माझे सासरे श्री. महादेवराव यांनी अंगणवाडीतील बालकांसाठी स्वतः बनवून दिला. घरातील मोठ्या माणसांची अशी साथ असली तर सेविकेला पुढे जाता येते."

माझ्या नावाआधी श्री. कोणी लिहिलेलं मी पटवाऱ्याच्या कागदाशिवाय कुठं पाहिलं नव्हतं. ते पान त्या फेब्रुवारीत कापसाखाली होतं, माझं नाव वर घेऊन. ही वही केंद्रावर गेली असती तर दारव्ह्याच्या कोण्या साहेबानं ते वाचलं असतं.

मी ते पान नंदाला दाखवलं नाही. तिला माहीतच आहे तिनं काय लिहिलं ते.

मागच्या रविवारी रेखा घरी आली. ती आताची मदतनीस, बारावी पास, चोवीस-पंचवीसची. तिनं या साली मुक्त विद्यापीठात नाव टाकलं. स्वाध्याय कसे लिहायचे म्हणून नंदाच्या जुन्या वह्या पाहायला मागत होती. बाहेर कोणाच्या तरी शेतात पऱ्हाटी उपटणं चालू होतं, आवाज ओसरीपर्यंत येत होता. नंदानं अलमारी उघडली, सहाही वह्या काढल्या, खाकी कव्हर फाटलं होतं तिथं बोटानं दाबलं आणि तिच्या हातात दिल्या.

"ताई, मी जपून ठेवीन," रेखा म्हणाली. "आमच्या घरी बी अशीच अलमारी हाय. माह्या वह्या बी त्याच्यातच ठेवतो."

"घरी नको ठेवू," नंदा म्हणाली. "तुह्या बी नको अन् ह्या बी नको. अंगणवाडीत ठेव."

"काहून?"

"तठी कोणाचा कापूस येत नाही."

मी ओसरीतच खाटेवर बसलो होतो, चार हातांवर. ती हळू बोलली नव्हती.